बीम उतरवणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

भिवंडीचा माणूस दिवाळी अंकात लिहितोय म्हटल्यावर तो खड्ड्यांवर आणि ट्रॅफिकवर लिहिणार, असं लोक धरून चालतात. तो विषय मी सोडून दिलाय, कारण त्यावर लिहिणारे बरेच आहेत आणि खड्डे ते वाचत नाहीत. मी उभा जन्म पॉवरलूमच्या शेडमध्ये जॉबर म्हणून काढला. जॉबर म्हणजे मिस्त्री. लूम बंद पडला की कारीगर हात वर करतो आणि जॉबर पाना घेऊन धावतो. बाहेरच्यांना हे काम अगदीच साधं वाटतं. माझ्या सासऱ्यांनाही तसंच वाटायचं, आणि मुलगी दिल्यावर त्यांचा इलाज उरला नव्हता.

मी लिहिणार आहे ते वाक्प्रचारांवर. हसू नका. शाळेत 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न मला फार आवडायचा, कारण त्यात पाठांतर लागत नाही अशी माझी समजूत होती. बाईंची समजूत वेगळी होती. 'हात ओले होणे' याचा अर्थ मी 'नळाला पाणी येणे' असा लिहिला होता. कामतघरच्या आमच्या चाळीत पाणी येणं ही किती मोठी गोष्ट होती हे बाईंना माहीत नसावं, नाहीतर त्यांनी अर्धा मार्क तरी दिला असता. जुने वाक्प्रचार आपल्याला वश होत नाहीत, तर आपण नवे काढावेत, हे मी तेव्हाच ठरवलं. पुढे शेडमध्ये आलो आणि त्याला रान मोकळं मिळालं.

शेडमध्ये लूम चालू असताना काय आवाज असतो हे सांगून कळणार नाही. शेजारच्या माणसाने तुमच्या कानात तोंड घालून ओरडलं तर तुम्हाला त्याने खाल्लेल्या तंबाखूचा वास येईल, शब्द येणार नाही. त्यामुळे आम्ही लांब वाक्यं बोलत नाही. बोटं, भुवया आणि दोन-तीन शब्द एवढ्यावर दिवस निघतो. अशा ठिकाणी वाक्प्रचार म्हणजे सोय. आता आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते, ती संपली की लूम थांबतो. म्हणून बोलता बोलता माणूस पुढचं विसरला की त्याची 'कांडी संपली'. विजेच्या तीन फेजपैकी एक गेला की मोटर नुसती घूं घूं करते, फिरत नाही. म्हणून जो माणूस कामावर हजर असतो पण काम करत नाही त्याचा 'एक फेज गेला'. हे दोन्ही शब्द आमच्या शेडमधून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या शेडमध्येही गेले. तिथल्या जॉबरने ते आपले म्हणून सांगितले, पण त्याचा स्वभावच तसा.

काही वाक्प्रचार मी यंत्राबाहेरचेही काढले. जो माणूस आणखी चारजण बरोबर आल्याशिवाय जागचा हलत नाही, तो 'कामतघरची रिक्षा'. काम निम्म्यात सोडणं म्हणजे 'अंबाडीला उतरणे', कारण वाड्याला जायला निघालेली आमची पाहुणेमंडळी दर वेळी अंबाडीच्या नाक्यावर कुणीतरी ओळखीचा भेटला म्हणून उतरायची. आणि माझा सगळ्यात लाडका, 'अकलोलीला जाऊन थंड पाणी मागणे'. गरम पाण्याच्या कुंडांसाठी जग अकलोलीला जातं, तिथे जाऊन एकजण बादलीभर गार पाणी मागत होता, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. हा वाक्प्रचार मी आमचे मालक इस्माईलशेठ यांच्यासमोर एका कापड दलालाबद्दल वापरला. शेठ इतके हसले की चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. शेठ इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले, मराठी माझ्यापेक्षा चांगली. त्यांनी दाद दिली की मला बोनस मिळाल्यासारखं वाटायचं. बोनसच्या वेळी तसं वाटायचं नाही.

नवा वाक्प्रचार काढला की मी तो शेडमध्ये फिरवायचो. एकेकाच्या कानाशी जाऊन आधी शब्द सांगायचो, मग अर्थ. समोरचा मान हलवायचा. मी खूश व्हायचो. इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. शेडमध्ये मान हलवण्याचा अर्थ 'समजलं' असा नाही. 'बस झालं, पुढे जा' असा आहे. मी स्वतः बायकोला घरी तशीच मान हलवतो.

आता मूळ गोष्टीवर येतो.

लूमच्या मागे एक मोठा रूळ असतो, त्यावर उभे धागे गुंडाळलेले असतात. तो बीम. कापड विणत जातं तसा बीम रिकामा होत जातो. शेवटची तार निघाली की नागडा रूळ खाली उतरवायचा आणि भरलेला चढवायचा. यावरून मी 'बीम उतरवणे' काढला. अर्थ, एखाद्याच्या मनात गुंडाळून ठेवलेलं सगळं हळूहळू बोलून घेणे. वाक्यात उपयोग, 'सासूने पहिल्याच भेटीत जावयाचा बीम उतरवला.' मला स्वतःला हा माझ्या सगळ्या वाक्प्रचारांत खोल वाटतो. तो पोलीस ठाण्यात जाईल असं मात्र वाटलं नव्हतं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. आमच्याकडे नवीन मेहताजी आले होते. मेहता हे आडनाव नव्हे, हुद्दा. शेडचा कारकून कोणत्याही जातीचा असो, भिवंडीत तो मेहताजीच. यांचं खरं आडनाव पाटील, अंबाडीकडचे, आधी एका गोदामात काम करायचे. सरळ माणूस, आवाज बारीक, आणि सुताच्या उडत्या तंतूंमुळे दिवसभर नाकाला रुमाल. त्यांचं बोलणं आम्हाला लूम बंद असतानाही नीट ऐकू यायचं नाही.

आणि लल्लन आमचा सगळ्यात चांगला कारीगर. उत्तर प्रदेशातला, पण हाताला भिवंडीचं वळण. त्याला आखातातल्या एका कापड गिरणीत काम मिळत होतं. पासपोर्टचा अर्ज केला होता आणि पोलीस पडताळणी तेवढी राहिली होती. त्याच्या बायकोने गावाकडे शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं. लल्लन रोज मला विचारायचा, चाचा, पुलिसवाले कब आएंगे? मी म्हणायचो, येतील. आले, पण वेगळ्या कामाला.

झालं असं की एके दिवशी लल्लनने आमच्या शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. "कल मेहताजी का बीम उतार देंगे. सब लोग देखने आना." ग्रुपवर मेहताजीही होते. ते नवीन, त्यांच्या कानाशी जाऊन मी अर्थ सांगितलेला नव्हता. त्यांनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला, ही मारहाणीची धमकी आहे असं धरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न येता पोलीस ठाण्यात गेले. लल्लनला बोलावणं आलं. इस्माईलशेठ मला म्हणाले, "गायकवाड, शब्द तुझा आहे, तू चल." मी शर्ट बदलून गेलो. साहित्याच्या कामासाठी मला कुणी बोलावण्याची ती पहिलीच वेळ.

पण ठाण्याची पायरी चढलो आणि माझी मिजास उतरली. लल्लन बाकावर हात जोडून बसला होता, चेहरा ओढलेला. एकदा तक्रार नोंदवली गेली असती तर त्याचा पासपोर्ट तिथेच अडकला असता. पडताळणी करणारं ठाणंही तेच. मेहताजी दुसऱ्या बाकावर बसले होते, आणि आरोपी आपण आहोत असा त्यांचा चेहरा होता.

फौजदार साहेब तरुण होते. त्यांनी विचारलं, बीम उतरवणे म्हणजे काय? मी शाळेतल्या पद्धतीने सांगितलं. आधी अर्थ, मग वाक्यात उपयोग. जावयाचं उदाहरणही दिलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, स्पर्धा परीक्षेसाठी मी वर्षानुवर्षं हेच पाठ केलंय. हा कुठेच नव्हता."

"नवीन आहे साहेब."

"कुणी काढला?"

"मी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता विचारतील, तुम्हाला अधिकार काय. म्हणून मीच पुढे होऊन बोललो. साहेब, केसाने गळा कापणे, नाक कापणे, पाठीत खंजीर खुपसणे, डोक्यावर मिरी वाटणे, हे सगळं आपण पोरांना शाळेत शिकवतो. शब्दशः धरलं तर मराठीचा अख्खा तास आत जाईल. हेही कुणीतरी कधीतरी काढलंच असेल.

"काढलं असेल," साहेब म्हणाले, "पण त्यांच्यावर तक्रार आली नव्हती."

यावर माझी कांडी संपली. साहेबांनी मग एक साधा न्याय लावला, आणि तो मला आजही पटतो. शब्द खरोखर तुमच्या शेडमध्ये चालत असेल तर सगळ्यांना एकच अर्थ माहीत असणार. एकेकाला वेगळं बोलावून विचारतो. हवालदार शेडकडे गेला आणि मी निर्धास्त बसलो. मी स्वतः कानाशी जाऊन सांगितलेलं होतं. सगळ्यांनी माना हलवलेल्या होत्या.

पहिल्यांदा मालनबाई आल्या. त्या कांड्या भरतात, आणि साहेब असो की शेठ, आवाज एकच. "बीम उतरवनं म्हंजे सुट्टी," त्या म्हणाल्या. "जुना बीम उतारला का नवा चढंपर्यंत कारीगर मोकला. त्यो मेहताजीला सुट्टी घ्या बोलला, दुसरा काय न्हाय."

मी खुर्चीत सावरून बसलो. एखादीला चुकीचं ऐकू आलं असेल. मग नरसय्या आला, आमचा जुना तेलुगू कारीगर. त्याने डोक्यावरून हात फिरवून दाखवला. बीम उतरवणे म्हणजे त्याच्या मते टक्कल करणे, रूळ कसा उघडा पडतो तसं. तो तिरुपतीला जाऊन आला तेव्हा मी त्याला या शब्दाबद्दल विचारलं होतं, असं त्याने ठासून सांगितलं. मी त्याला 'देवापाशी बीम उतरवलास का' असं विचारलं होतं हे खरं आहे. मन मोकळं केलंस का, हा माझा अर्थ. त्याने टोपी काढून दाखवली होती, तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

साहेबांनी शेठकडे पाहिलं. इस्माईलशेठ तरी माझी लाज राखतील अशी माझी खात्री होती. शेठ म्हणाले, "साहेब, सरळ आहे. बीम उतरवणं म्हणजे माणसाला पोट फुटेस्तोवर जेवू घालणं." ईदच्या दिवशी शेठनी सगळ्या कामगारांना बिर्याणी दिली होती, आणि जेवताना गोडीगुलाबीने प्रत्येकाची तक्रार काढून घेतली होती. निघताना मी म्हणालो होतो, शेठ, आज तुम्ही आमचा बीम उतरवला. त्यांनी ते बिर्याणीच्या खात्यात धरलं होतं.

जन्मभर मी ज्याला भाषा समजत होतो ती एकट्या माझ्यात आणि माझ्यातच चालू होती. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, खरं सांगायचं तर रडू जास्त. माझा खोल वाक्प्रचार सुट्टी, टक्कल आणि बिर्याणी यांच्यात वाटला गेला होता, आणि त्यात लल्लन अडकणार होता.

शेवटी साहेबांनी लल्लनला विचारलं, तुला काय म्हणायचं होतं? लल्लनने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जो जॉबर चाचा बोले, वही."

साहेबांनी पेन पुन्हा हातात घेतलं. मग त्यांनी मेहताजींना जवळ बोलावलं. म्हणाले, चार माणसांचे अर्थ ऐकलेत. कुणाचा कुणाशी मेळ नाही, म्हणजे हा वाक्प्रचार काही सिद्ध होत नाही. पण एकाही अर्थात तुम्हाला इजा होत नाही. एकात सुट्टी मिळते, एकात जेवण मिळतं, आणि केस तर तुमचे तसेही गेलेले आहेत. तक्रार लिहून घेऊ का? मेहताजींनी रुमाल नाकावरून काढला, लल्लनकडे पाहिलं, आणि नको म्हणाले. काहीच लिहिलं गेलं नाही. साहेबांनी जाताना मला सांगितलं, काका, यापुढे नवीन काढलात तर आधी लूम बंद करून सांगत जा.

लल्लनचा पासपोर्ट पुढे रीतसर आला आणि तो आखातात गेला. हे आताच सांगून टाकतो, वाचकांचा जीव उगाच टांगणीला नको. पण माझ्या मनात जे राहिलंय ते त्याच दुपारचं आहे.

ठाण्यातून बाहेर पडल्यावर शेठ मेहताजींना घेऊन पुढे गेले. मी आणि लल्लन मागून चालत येत होतो. मी त्याला म्हटलं, वाचलास लेका, पण कशाला घालायचा असला निरोप, आणि मेहताजींकडून तुला बोलून तरी काय घ्यायचं होतं? तो मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "चाचा, मतलब वही था जो मेहताजी समझे."

मी थांबलो. मागून हॉर्न वाजला म्हणून पुन्हा चालायला लागलो.

त्याचं म्हणणं, शेडमध्ये चारचौघांत मेहताजी त्याला कुत्रा म्हणाले होते, म्हणून त्याला त्यांना चारचौघांतच मारायचं होतं. आदल्या दिवशी लूम चालू असताना मेहताजी त्याच्याजवळ आले होते. त्यांचा तो बारीक आवाज. लल्लनला नाव, नोकरी आणि कुत्रा एवढंच ऐकू आलं. बाकीच्यांनी मान हलवली म्हणे. मी होतो की तिथे. मला पूर्ण कळलं होतं, बोलताना त्यांनी रुमाल खाली घेतला होता आणि जॉबरला ओठ वाचायची सवय असते. मेहताजी म्हणाले होते, पासपोर्ट हातात पडल्याशिवाय इथली नोकरी सोडू नको लल्लन, नाहीतर तुझे हाल कुत्रं खाणार नाही.

हे मी त्याला चालता चालता समजावून सांगितलं. हा मराठीतला जुना वाक्प्रचार, फार वाईट अवस्था होणे असा त्याचा अर्थ. तुझं वाईट होऊ नये म्हणून तो माणूस बोलला. लल्लनने मला तीनदा विचारलं, पक्का? कुत्ता मैं नहीं? मी म्हटलं, त्यात कुत्रा कुणीच नाही, कुत्र्याचाच त्यात काही संबंध नाही. आमच्यात असंच बोलतात. तो म्हणाला, "ऐसा काहे बोलते हैं?"

म्हणजे खरा, छापील, परीक्षेला येणारा वाक्प्रचार त्याने शब्दशः घेतला होता, आणि माझा बनावट वाक्प्रचार मेहताजींनी धमकी म्हणून. दोघांत शहाणे ठरले ते मेहताजी. माझ्या शब्दाचा बरोबर अर्थ शेडमध्ये एकट्या त्यांनाच लागला होता, आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून ठाण्यात खोटा पाडला होता. शेडजवळ पोचेपर्यंत मी या विचाराने सुन्न झालो होतो. लल्लन गेटवर उभा राहिला आणि मला म्हणाला, अब उनको क्या बोलूँ? एवढे शब्द पाडणारा मी, पण मला एकही सुचला नाही. मी म्हटलं, शेठचा अर्थ खरा कर. जेवू घाल.

आमच्याकडे कारीगर लोक ज्या खाणावळीत जेवतात तिला बिशी म्हणतात. पैशांची भिशी वेगळी. मेहताजी घरून डबा आणायचे, बिशीत कधी आले नव्हते. त्या दिवशी डबा आणायच्या आधीच ते ठाण्यात गेले होते. लल्लन त्यांच्या टेबलापाशी जाऊन जेवायला चला म्हणाला. ते उठायला जरा वेळ लावत होते, मग मी येतोय बघून उठले. खाली सतरंजीवर आम्ही तिघं बसलो, मी मध्ये. बिशीवाल्या बाईच्या हातातून परात घेऊन लल्लन स्वतः वाढायला लागला. रोट्या, डाळ, बटाट्याचा चोखा. मेहताजी मान खाली घालून जेवत होते. इथे लूम नव्हते, तरी कुणी बोलत नव्हतं.

दुसरी रोटी पानात पडली तेव्हा मेहताजी त्यांच्या हिंदीत म्हणाले, "मैं तेरेको कुत्ता नाही बोला."

बहुधा आम्ही मागून येत असताना त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं, किंवा शेठनी काही विचारलं असेल. मी विचारलं नाही.

"अब मालूम है," लल्लन म्हणाला. परात हातातच होती. "और मैं जो बोला था, वो…"

"ते मना पयलेपासून ठावं हाय," मेहताजी म्हणाले. "म्हनून तर मी घाबरलू."

लल्लन खाली बसला. त्याने मेहताजींच्या पायाला हात लावला, मेहताजींनी तो डाव्या हाताने बाजूला केला आणि चोखा आणखी आहे का विचारलं. लल्लन उठून आणायला गेला. तोवर मेहताजी डाळीत रोटी बुडवून खात राहिले. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो, आणि कशाचाही अर्थ विचारायला माझ्याकडे कुणी वळलं नाही.